‘होलिस्टिक रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : माझी भाची यंदा बारावीला असून अमेरिकेतील काही चुरशीच्या महाविद्यालयांत अर्ज करणार आहे. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तिथली प्रवेशपद्धती मराठीत लिहून काढताना ‘होलिस्टिक रिव्ह्यू’पाशी अडलो. ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हणावे की ‘समग्र मूल्यमापन’? आणि निवड झालेल्यांच्या यादीला आपली नेहमीची ‘गुणवत्ता यादी’ चालेल का?

उत्तर : ‘सर्वांगीण’ टाळावा. तो शब्द आपल्याकडे ‘विकासा’ला इतका चिकटला आहे की, मुलीने अभ्यासाबरोबर पोहणे, कथक आणि वक्तृत्व असे सगळेच थोडेथोडे केलेले असावे, असा समज होतो (दादर-पार्ल्याचे निम्मे क्लास त्याच समजावर चालतात). प्रत्यक्षात एकाच विषयात खोलवर गेलेला विद्यार्थीही या महाविद्यालयांना हवा असतो. गुणपत्रिका, निवडलेले विषय, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध आणि शाळेबाहेरचे काम हे सारे एकत्र, आणि विद्यार्थ्याला कोणत्या संधी उपलब्ध होत्या हे लक्षात घेऊन, वाचले जाते. त्यासाठी शाळेकडून शाळेचीही माहिती मागवतात, आणि जे विषय त्या शाळेत शिकवलेच जात नाहीत, ते न घेतल्याबद्दल सहसा कोणाला कमी लेखत नाहीत. समग्रता आहे ती या वाचनात, म्हणून ‘समग्र मूल्यमापन’ योग्य.

‘गुणवत्ता यादी’ मात्र नको. मुंबईत पहिली, दुसरी, तिसरी यादी लागते तेव्हा त्या शब्दातल्या ‘गुणा’चा अर्थ बारावीचे टक्के एवढाच उरलेला असतो, आणि कटऑफच्या वर असलेल्याला आपला प्रवेश हक्काचा वाटतो. तिथे असा कटऑफ नसल्यामुळे उत्तम गुणांचे अनेक विद्यार्थी नाकारले जातात. सरळ ‘निवड’ म्हणावे.

दुसरे उत्तर : ‘समग्र’ला माझी हरकत नाही, पण त्या शब्दामुळे तिथे आकडे नसतातच असे वाटू नये. प्रवेशात आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो, अशा आरोपावरून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठावर झालेल्या खटल्यात उघड झाले की, तिथे अभ्यास, अन्य उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ ते ६ अशी श्रेणी देत, आणि त्यात १ सर्वोत्तम. आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाची श्रेणी सरासरीने कमी मिळते, हा वादींचा एक मुख्य आक्षेप होता. २०१९ साली कनिष्ठ न्यायालयाने हार्वर्डच्या बाजूने कौल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून प्रवेशात वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला, मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिण्यास मनाई केली नाही. माणसाच्या स्वभावाला श्रेणी देणे ही पारखही असू शकते आणि पूर्वग्रहही; ‘समग्र’ शब्द या दोहोंवर सारखेच पांघरूण घालतो.

तिसरे उत्तर : आणखी दोन शब्द जपून वापरावेत. पहिला ‘शिष्यवृत्ती’. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगची (अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांचा गट) आठही विद्यापीठे गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत मिळते ती कुटुंबाची आर्थिक गरज पाहून, तेव्हा ‘आर्थिक साहाय्य’ म्हणावे. दुसरा शब्द ‘प्रतीक्षा यादी’. आपल्याला रेल्वेची सवय, त्यामुळे आजोबा लगेच ‘कितवा नंबर?’ विचारतील. तिथे बहुतेक ठिकाणी या यादीत क्रम नसतो आणि जागा रिकामी झाली की गरजेनुसार कोणालाही बोलावतात. ‘राखीव यादी’ म्हणावे तर आरक्षण आठवते. तेव्हा ‘प्रतीक्षा यादी’च ठेवून पुढे ‘क्रमांकाविना’ असे लिहावे.