खेड–चिपळूण रोजची ये-जा : एसटी की रेल्वे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मूळची लातूरची. चिपळूणला नोकरी लागली, पण खोली खेडला मिळाली, आणि घरमालकीण काकू इतक्या मायाळू की आता सोडवत नाही. अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे रोजचं जमायला हवं.

गेला आठवडा एसटीने गेले. पहिल्याच दिवशी फजिती. मी खेड स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेले आणि लांब पल्ल्याची गाडी महामार्गावरून, भरणे नाक्यावरून परस्पर निघून गेली! चूक माझीच, आधी विचारायला हवं होतं. आता कुठली गाडी स्टँडवर येते आणि कुठली नाक्यावरूनच जाते, हे ओळखायचं कसं? पाटीवर काही खूण असते का?

दुसरं, मासिक पासचं. २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास, हे कळलं. पण बायकांना तिकीट अर्धंच पडतं, मग सुट्ट्या धरता पास काढून फायदा होतो का? रोज करणाऱ्या ताईंनी हिशेब सांगावा.

रेल्वेने खेडनंतर अंजणी, मग चिपळूण. पण दोन्हीकडे स्टेशन गावापासून लांब, रिक्षाच महाग पडेल असं वाटतं. शिवाय पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं. आणि परशुराम घाटात दरड आली की एसटीवाले काय करतात? तेव्हा रेल्वेच धरायची, की सरळ रजा टाकायची?

सकाळी साडेनऊला बहादूरशेख नाक्यावर पोचायचं असतं.