नाशिकमध्ये सीए कसा निवडायचा? (अंबडचं छोटं युनिट, सीसी लिमिटसाठी)

अंबडकर_कोटिंग

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क युनिट आहे, प्रोप्रायटरी. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ६० लाख. जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्न सध्या एक टॅक्स कन्सल्टंट बघतात. आता बँकेकडे २५ लाखांची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) मागितली, तर मॅनेजर म्हणतात तीन वर्षांचे ताळेबंद सीएच्या सहीचे आणा.

सीए शोधायचा कुठे आणि पडताळायचा कसा? कॉलेज रोड-गंगापूर रोडची मोठी फर्म बरी की सिडको, पाथर्डी फाट्याकडचा एकटा सीए? फी ठरवताना काय विचारायचं? आणि सगळे पासवर्ड जुन्या कन्सल्टंटकडेच आहेत, त्याचं काय करायचं?

ग्राहक सगळे आरटीजीएस नाहीतर चेकने देतात. कामगारांचा पगार मात्र दर शनिवारी रोखीने, आठवड्याला साधारण २० हजार.

ताळेबंद

पडताळणी पाच मिनिटांची आहे. प्रत्येक सीएला सहा आकडी सभासद क्रमांक असतो. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या साइटवर सभासद शोधायची सोय आहे, तिथे नाव किंवा क्रमांक टाका. नुसतं नाव दिसलं म्हणून थांबू नका, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आहे का ते बघा. सीए पास होऊन कंपनीत नोकरी करणारे खूप आहेत, त्यांना तुमच्या कागदावर सही करता येत नाही. प्रॅक्टिस 'पार्ट टाइम' असेल तर ऑडिट करता येत नाही. आणि पाटीवर 'सीपीए' लिहिलेलं दिसलं तर ते अमेरिकेचं लायसन्स. तेवढ्यावर इथलं ऑडिट होत नाही.

बँकेला द्यायच्या ऑडिट रिपोर्टवर आणि दाखल्यावर १८ अंकी-अक्षरी यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) लागतो. २०१९पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्याची सुरुवात वर्षाचे दोन आकडे आणि मग सीएचा सभासद क्रमांक अशी असते, म्हणजे सही कोणाची आहे ते त्यातच कळतं. बँक तो पोर्टलवर टाकून बघते आणि सीएने भरलेले ठळक आकडे तिथे दिसतात. सही केल्यापासून ६० दिवसांत यूडीआयएन काढावा लागतो. त्यामुळे 'तीन वर्षांच्या ताळेबंदांवर जुन्या तारखा टाकून सही देतो' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. आजच्या तारखेने, तुमच्या भरलेल्या रिटर्नशी जुळणारे ताळेबंद तयार करून देता येतात, आणि बँकेला तेवढं सहसा चालतं. आधी मॅनेजरला विचारून घ्या की 'ऑडिटेड' हवेत की नुसते सीएच्या सहीचे. कामात आणि फीत दोन्हीत मोठा फरक पडतो.

शोधायचा कुठे, तर तुमच्याच धंद्यातल्या शेजाऱ्याकडे. जॉबवर्कची चलनं आणि प्रिन्सिपलचा (काम देणाऱ्या कंपनीचा) माल रोज हाताळणारा सीए हवा. दुकानदारांचंच काम करणारा हुशार असला तरी तुमचं पहिलं वर्ष त्याच्या शिकण्यात जाईल. ज्या बँकेत लिमिट घेताय तिथल्या लोन ऑफिसरला तीन नावं विचारा. एकच नाव सुचवलं तर जरा सावध.

सातपूर_जमाखर्च

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून, कलमांचे आकडे बदलले म्हणून फक्त मर्यादा लिहितो.)

टॅक्स ऑडिटची (आयकर कायद्याने सक्तीच्या ऑडिटची) उलाढालीची मर्यादा १ कोटी. रोखीची जमा आणि रोखीचे खर्च, दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तरच ती १० कोटी होते. तुमची जमा बँकेतून, ती बाजू ठीक. खर्चाची बाजू बघा. आठवड्याला २० हजार गुणिले ५२, म्हणजे १० लाख ४० हजार रोख. वर्षभरात तुम्ही दिलेले एकूण पैसे १ कोटी ४० लाख धरले तर ५ टक्के होतात ७ लाख. ५ टक्के ओलांडले, म्हणजे तुमच्यासाठी ऑडिटची मर्यादा पुन्हा १ कोटीवर आली. ग्राहक सगळे बँकेतून देतात म्हणून ऑडिट नाही, असं पुष्कळ जण धरून चालतात आणि इथेच फसतात. कामगारांचे पगार खात्यावर किंवा यूपीआयने सुरू करा, हा हिशोबच उरणार नाही.

दुसरी वाट अंदाजित उत्पन्नाची: उलाढाल २ कोटींपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असेल तर बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा, मग ऑडिट नाही. तुमच्या कन्सल्टंटनी बहुधा हेच केलं असेल. तसं असेल तर १ कोटी ६० लाखांवर नफा ९ लाख ६० हजार दिसतोय. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायला हवा होता, आणि लिमिट मागताना कागदावर बँकेला तोच दिसणार. ही वाट एकदा धरून पाच वर्षांत कमी नफा दाखवून सोडली तर पुढची पाच वर्षं ती बंद, आणि उत्पन्न करपात्र असेल तर ऑडिट लागतं.

पहिल्या भेटीत सीएला हाच प्रश्न टाका: "पगार रोखीने जातो, मला ऑडिट लागतं का?" जो वर्षभरात दिलेल्या एकूण पैशांचा आकडा विचारेल तो जाणकार. जो लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणेल त्याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

लिमिटचं गणित: छोट्या उद्योगाला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबाने ३२ लाखांपर्यंत. २५ मागताय ते रास्त आहे. फक्त जीएसटीची उलाढाल, आयकर रिटर्न आणि बँक स्टेटमेंट तिन्ही जुळायला हवीत.

कॅनडा_कॉर्नर

मोठी फर्म की एकटा सीए, यापेक्षा तुमची फाइल कोणाच्या टेबलावर जाणार ते विचारा. मोठ्या फर्ममध्ये १ कोटी ६० लाखांची फाइल आर्टिकलकडे (सीएच्या हाताखालच्या शिकाऊ मुलांकडे) जाते आणि आर्टिकल बदलत राहतात. त्यात वावगं काही नाही, पण वरून तपासणारा कोण, त्याचं नाव घ्या. एकट्या सीएकडे सगळं स्वतः बघितलं जातं, पण सप्टेंबरात त्यांची ऑडिटची घाई आणि तुमची नोटीस एकाच आठवड्यात आली तर तुम्ही मागे पडता. त्यांच्या गैरहजेरीत कोण बघतं, हे विचारायला लाजू नका.

अंतराचा बाऊ करू नका. इन्कम टॅक्सची तपासणी आता बहुतेक फेसलेस (ऑनलाइन, समोरासमोर न जाता) आहे, गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात चकरा मारायची गरज क्वचित पडते. जीएसटीचे अधिकारी युनिटवर आले तर मात्र अर्ध्या तासात पोचणारा माणूस लागतो.

जीएसटीसाठी महिन्याचं वेळापत्रक लिहून घ्या: बिलं ५ तारखेपर्यंत तुमच्याकडून, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ११ला, २बी (खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता) १४ला बघून क्रेडिट जुळवायचं, ३बी (कर भरायचं रिटर्न) २०ला. तिमाही योजनेत असाल तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमधून (पोर्टलवर बिलं आधी टाकायची सोय) टाकायला लावा. नाहीतर तुमचं बिल कंपनीच्या २बीत दिसत नाही आणि कंपनी जीएसटीची रक्कम अडकवून ठेवते. अंबडमधल्या व्हेंडरांची निम्मी रडगाणी याचीच.

फीचं: रिटेनर (नेहमीच्या कामाची ठरलेली फी), वर्षअखेर, ऑडिट, बँकेची कागदपत्रं आणि नोटिशीचं उत्तर, हे पाच आकडे वेगळे मागा, जीएसटी धरून की वगळून तेही. एका आकड्यात 'सगळं' सांगितलं तर पहिल्या नोटिशीला वाद होतो. रिफंडच्या टक्क्यावर फी घ्यायला सीएला संस्थेच्या नियमाने मनाई आहे. 'रिफंड काढून देतो, १० टक्के द्या' म्हणणारे बहुधा सीए नसतातच. खोट्या वजावटीवर दंड करचुकवेगिरीच्या रकमेच्या २०० टक्के, आणि तो तुमच्या पॅनवर.

गोदाकाठचा_लेखनिक

पासवर्डचं सांगतो. पासवर्ड मिळाला तरी पुरत नाही, पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल तुमचा हवा. जीएसटीत लॉगिन करून रजिस्ट्रेशनच्या नॉन-कोअर दुरुस्तीत जा, ऑथराइज्ड सिग्नेटरीचा (सहीचा अधिकार असलेल्याचा, म्हणजे तुमचा) नंबर बदला. लॉगिनच मिळत नसेल तर पॅन आणि ओळखीचा पुरावा घेऊन आपल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तेही बदलून देतात. इन्कम टॅक्सचा पासवर्ड आधार ओटीपीने स्वतः बदलता येतो.

हे का? नोटिशीचा एसएमएस कन्सल्टंटच्या नंबरवर जातो, ते गावाला असतात. नोटीस पोर्टलवर 'अ‍ॅडिशनल नोटिसेस'च्या कप्प्यात पडून राहते. उत्तर न मिळाल्याने एकतर्फी ऑर्डर निघते आणि अपिलाला मुदत तीनच महिन्यांची, उशीर माफ झाला तर वर आणखी एक महिना. त्यात वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरायचे. दर सोमवारी तो कप्पा स्वतः उघडा.

परत घ्यायचं ते: टॅलीचा पूर्ण बॅकअप (पीडीएफ नव्हे), उत्पन्नाची गणनापत्रकं, घसाऱ्याचा तक्ता, भरलेली रिटर्नं आणि पावत्या, उद्यम नोंदणीचा दाखला, व्यवसाय कराचे दोन्ही क्रमांक (मालकाचा आणि कामगारांचा), आणि डिजिटल सहीचा टोकन. घसाऱ्याचा तक्ता सगळे विसरतात. ओव्हन आणि बूथची शिल्लक किंमत त्यातच असते, नवीन सीएला तो नसेल तर चालू वर्षच सुरू करता येत नाही. टोकन कोणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ती तुमची सही आहे. कन्सल्टंट बदलून सीएकडे जायचं ते एप्रिल ते जूनमध्ये करा.

अंबडकर_कोटिंग

खूप उपयोगी. एक राहिलं. आमच्याकडे टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक) नाही, कन्सल्टंट म्हणतात लागत नाही. उलाढाल पहिल्यांदा १ कोटीवर २०२४-२५मध्ये गेली. शेडचं भाडं महिना ३८ हजार.

सातपूर_जमाखर्च

आधीच्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या वर असेल तर प्रोप्रायटरलाही टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागतो. म्हणजे तुम्हाला २०२५-२६पासून. भाड्याची मर्यादा त्याच वर्षापासून महिना ५० हजार झाली, त्यामुळे ३८ हजारांवर कापायचं नाही. पण लेबर कॉन्ट्रॅक्टरला एका वेळी ३० हजारांच्या किंवा वर्षात १ लाखाच्या वर दिले असतील तर त्यावर १ टक्का (तो एकटा माणूस असेल तर), आणि सीएची फी वर्षाला ५० हजारांच्या वर गेली की १० टक्के. यातलं काही तुमच्याकडे असेल तर टॅन काढा, अर्ज ऑनलाइन होतो. कापायचं राहिलं असेल तर महिन्याला १ टक्का व्याज आणि खर्चाच्या ३० टक्के रक्कम नामंजूर. मात्र समोरच्याने ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवून कर भरला असेल, तर सीएच्या दाखल्याने ३० टक्क्यांतून सुटका होते आणि व्याज त्याच्या रिटर्नच्या तारखेपर्यंतच लागतं. कॉन्ट्रॅक्टरकडून रिटर्नची पावती आत्ताच मागून ठेवा.