कोरोना, कान आणि तोल : तुमचे अनुभव लिहा

एप्रिल २०२१, पुणे. ताप उतरून पाच दिवस झाले होते. बहिणीचा फोन आला, सवयीने डाव्या कानाला लावला, तर पलीकडे सामसूम. 'हॅलो हॅलो' करून ठेवला. परत आला, परत तेच. तिसऱ्यांदा डाव्या हातात कढई होती म्हणून फोन उजव्या कानाशी धरला, तर बहीण ओरडत होती, "अगं, बोलत का नाहीस?"

फोनवरच एका डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, दडा बसला असेल, अशक्तपणा आहे, वाफ घ्या. वाफ घेण्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे ऑडिओमेट्री झाली. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला पटापट दाबत होते. डाव्याची पाळी आली, मी बटणावर अंगठा ठेवून बसले आणि काचेपलीकडची मुलगी आकडे लिहीत राहिली. तिने काहीतरी चालू केलंय हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या (म्यूकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे दिवस, त्यामुळे रोज साखर तपासायची), मग कानाच्या पडद्यातून दोन इंजेक्शनं. जाड आवाज परत आले, बारीक नाही. दार आपटलेलं डाव्या कानाला कळतं, कुकरची शिट्टी नाही. स्कूटरवर हॉर्न ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने ते समजत नाही, हे सगळ्यात वाईट.

वास गेल्याच्या गोष्टी घरोघरी झाल्या, कानाच्या फारशा नाहीत. म्हणून हा धागा. काय झालं, कधी, काय केलं, आता कसं आहे ते लिहा. गोळ्यांचे डोस कृपया लिहू नका.

*

चहाबाज, कोल्हापूर
माझं किरकोळ. जानेवारी २०२२, घरात सगळ्यांना एकदमच. दोन्ही कानांना दडे. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. तीन आठवड्यांनी रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढताना टप्पकन उघडले. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजली होती म्हणे.

*

सांजवेळ, सातारा
अनुभव नवऱ्याचा आहे. एसटीत कंडक्टर. बरा होऊन आठवडा झाला आणि पहाटे उठला तर घर गरगर फिरतंय. भिंत धरून बसला, उलट्या, डोळे उघडवत नव्हते. दोन दिवस असंच. घरात सगळ्यांचं एकच, अशक्तपणा आहे, नारळपाणी दे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका बाजूच्या तोलाच्या नसेला सूज आहे. ऐकू मात्र व्यवस्थित येत होतं, त्यामुळे कानाचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

गरगर थांबली, पण ड्यूटी जमेना. तिकिटाच्या मशीनवरून नजर वर केली की प्रवाशांचे चेहरे क्षणभर हलायचे. अंधारात तर पाऊल टाकायला घाबरायचा. मग व्यायाम दिले. अंगठा डोळ्यांसमोर धरून मान डावी-उजवी करायची, नजर अंगठ्यावरच. गोधडीची चौघडी घालून त्यावर डोळे मिटून उभं राहायचं, मी मागे हात पसरून. पहिले पंधरा दिवस व्यायामानेच जास्त चक्कर यायची म्हणून चिडायचा. चक्करेच्या गोळ्या महिना महिना घेत राहू नका, मेंदूला शिकू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अडीच महिन्यांनी गाडीवर गेला. रात्रपाळी अजून टाळतो.

*

उंटावरचा
उगाच सगळं कोरोनाच्या खात्यावर मांडू नका. माझ्या आजोबांना चक्कर यायची तेव्हा कुठला कोरोना होता?

*

कानसेन (कान-नाक-घसा, ठाणे)
उंटावरच्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले. त्यात कोरोना झालेल्यांपैकी ऐकू कमी येणं ७.६ टक्के, कानात आवाज १४.८ टक्के, चक्कर ७.२ टक्के. पण बरीचशी माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली, त्यामुळे आकडे हातचे राखून घ्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासात माणसाच्या आतल्या कानातल्या पेशींना या विषाणूचा संसर्ग होऊ शकतो हे दिसलं. म्हणजे शक्य आहे. तुमच्याच बाबतीत तेच झालं का, हे बहुतेकदा ठामपणे सांगता येत नाही.

धागाकर्तीचे वाफेतले आठ दिवस मला टोचले. एक कान दोन-तीन दिवसांत अचानक बंद झाला तर त्याच आठवड्यात ऑडिओमेट्री करा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचाच असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत जास्त. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातपाय लुळा पडत असेल तर माझ्याकडेही येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

*

पोह्यातला दाणा, नाशिक
आईला सतरा दिवस ऑक्सिजन लावून झोपवलं होतं. घरी आल्यावर उजव्या कुशीवर वळली की पलंग उलटतोय असं वाटायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून नळीत गेले होते. बरेच दिवस पडून राहिल्यावर असं होऊ शकतं. डॉक्टरांनी मान वळवून तिला झटकन आडवं केलं, डोके पलंगाबाहेर. डोळे थरथर फिरताना मी बघितले, घाबरलोच. मग हळूहळू एकेका कुशीवर वळवून बसवलं. पाच मिनिटांत काम झालं, एक गोळी नाही. आई रिक्षात म्हणाली, "एवढंच होतं तर महिनाभर बसून का झोपायला लावलंत?"

*

पेटीवाला, डोंबिवली
मला कानात शिट्टी. चोवीस तास. मी पेटी शिकवतो, त्यामुळे पहिला उद्योग म्हणजे तो सूर शोधणं. एकेक पट्टी दाबत शेवटपर्यंत गेलो, तरी शिट्टी त्याच्याही वरच. वरच्या सप्तकाच्या डोक्यावर बसलेली रातकिडी. दिवसा क्लासमध्ये विसरतो, रात्री घर शांत झालं की सुरू. आता मोबाइलवर तंबोरा बारीक लावून झोपतो. शिट्टी जात नाही, पण तिला सोबत मिळते. बायकोला मात्र आता तंबोऱ्यामुळे झोप येत नाही.

*

धागाकर्ती
पेटीवाले, माझ्याकडे उलट. उजव्या कुशीवर झोपले की चांगला कान उशीत जातो आणि घर बंद. ना घोरणं, ना कुत्री. गजरही ऐकू येत नाही, म्हणून मुलगा पाय हलवून उठवतो. सांजवेळ, रात्री चालताना ते काठी वापरतात का?