मदत हवी आहे: आईच्या मणक्यात टायटॅनियम टाकू की पीक? सोमवारपर्यंत सांगायचं आहे

धानपट्टा
आईचं ऑपरेशन ठरलं आहे. स्क्रू-रॉड लावून मध्ये केज, म्हणजे दोन मणक्यांमधला छोटा ठोकळा, बसवणार. केज दोन प्रकारचा, टायटॅनियमचा नाहीतर पीकचा. पीकवाला चाळीस हजारांनी महाग सांगतात. कोणता घेऊ? लवकर सांगा. घरात रेंज नाही, पाण्याच्या टाकीजवळ येऊन लिहितो आहे.

वैनगंगाकाठ
पीक म्हणजे? धान का सोयाबीन?

ओटीतला_माणूस
पॉलिईथर ईथर कीटोन, एक टणक प्लास्टिक. धानपट्टा भाऊ, कोणता मणका? आईचं वय? पाय जड पडतो का? शुगर आहे का? काहीच लिहिलं नाही.

धानपट्टा
कमरेतला, एल ४-एल ५. मणका पुढे सरकला आहे. वय ५८. एमआरआयचा फोटो टाकतो. पण मी विचारलं केज कोणता, ते कोणीच सांगत नाही.

ओटीतला_माणूस
फिल्म खिडकीला धरून फोटो काढलाय तुम्ही. त्यात मणक्यापेक्षा मागचं मोहाचं झाड चांगलं दिसतंय. रिपोर्टचा कागद टाका.

नागपूरकर_७१
ऑपरेशन अजिबात करू नका. माझ्या साळ्याची कंबर तीन महिने पंचकर्म करून सुटली. एकदा लोखंड आत गेलं की आयुष्यात एमआरआय काढता येत नाही.

चार_स्क्रूवाली
काका, साळ्याचा मणका सरकला होता की नुसती कंबर धरली होती? माझ्या पाठीत २०१९पासून चार स्क्रू, दोन रॉड आणि एक केज आहे. नंतर दोनदा एमआरआय झाला. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, फक्त त्या जागेभोवती चित्र काळं-वाकडं येतं. घरी बसून लोकांना घाबरवू नका.

नागपूरकर_७१
ताई, मी अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

ग्राहक_जागा_हो
सरकारने इम्प्लांटच्या किमती २०१७ सालीच बांधल्या आहेत. जास्त लावले तर थेट तक्रार करा!

ओटीतला_माणूस
ते गुडघ्याचं, भाऊ. इथे मणका चाललाय.

धानपट्टा, आता केजचं. स्क्रू-रॉड म्हणजे मांडवाला लावलेला टेकू. खरं काम हाडाचं. सर्जन चकती काढतो, तिथे केज ठेवतो. त्यात आणि आजूबाजूला हाडाचा चुरा भरतो, बहुतेक वेळा त्याच जागी खरडून निघालेला. वर-खालचे मणके त्यातून एकजीव व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते जुळलंच नाही, तर कितीही भारी धातू असो, रोज हलून हलून स्क्रू ढिला होतो, कधी तुटतो. टायटॅनियमला हाड चांगलं धरतं, पण ते हाडापेक्षा फार कडक. मऊ हाडात केज रुतू शकतो. पीकचा कडकपणा हाडाच्या जवळचा, आणि एक्स-रेत तो आड येत नाही, म्हणून आत हाड जुळलं का ते दिसतं. पण हाड त्याला सहजी चिकटत नाही, म्हणून काहींवर टायटॅनियमचा थर देतात. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो घ्या. चाळीस हजारांसाठी झोप घालवू नका. हाडाची घनता तपासली का, ते आधी सांगा. आणि तंबाखू?

धानपट्टा
शुगर नाही. हाडाचं कोणी बोललं नाही. तंबाखू खात नाही, फक्त खर्रा. दिवसाला दोन-तीन.

चार_स्क्रूवाली
"फक्त खर्रा"! अहो, त्यात सुपारी-चुन्यासोबत काय घोटतात? निकोटिनने रक्तपुरवठा आखडतो, हाड जुळत नाही. मला डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच मिश्री सोडायला लावली होती.

वैनगंगाकाठ
आमच्या चौकात तर पन्नीत खर्रा घोटायची मशीन आली आहे. शाळेची पोरं उभी असतात तिथे. ग्रामसभेत विषय काढला तर सरपंचाच्याच तोंडात खर्रा.

आशाताई_मूल
पैशाचं पाहत असाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड-आधार घेऊन विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, मागून नाही. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून मागा. लॉट नंबर त्यावरच असतो. आणखी एक, लघवी अडते किंवा कळत नाही असं झालं का? बसायच्या जागी बधिरपणा? तसं असेल तर सोमवारची वाट पाहू नका, आजच गाडी करा.

धानपट्टा
तसं काही नाही. डाव्या पायात मुंग्या आहेत, बाजारापर्यंत चाललं की बसावं लागतं. ती विचारते पुढच्या वर्षी रोवणीला जाता येईल का.

ओटीतला_माणूस
दिवसभर वाकून चिखलात रोवणी? सर्जनला विचारल्याशिवाय नाही. पहिलं वर्ष तर विसराच.

नागपूरकर_७१
यंत्राने रोवणी करा. माझ्या ओळखीचा एक डीलर आहे.

धानपट्टा
सोमवारी हाडाच्या तपासणीचं विचारतो. केज डॉक्टर म्हणतील तो. पण खर्र्याचं कोणीतरी आईला फोन करून सांगा जी, माझं ऐकत नाही.

वैनगंगाकाठ
माझा बाप माझं ऐकत नाही, तुमच्या आईला मी काय सांगू बाप्पा.