मदत हवी आहे: हरिहरेश्वर ते गुहागर, समुद्राला धरून

वाटसरू: नकाशा सारखा आत महाड-खेडला नेतोय. मला किनाऱ्यानेच जायचंय. वेळासची कासवं आणि ताजे मासे दोन्ही हवेत. सकाळी हरिहरेश्वरहून निघून कासवं मिळतील का? आज रात्री बुकिंग करायचंय, लवकर सांगा.

खाडीकाठ: महिना कोणता? गाडी कोणती? मुक्काम किती?

निळीशाई: नकाशात 'फेरी टाळा' चालू असेल, ते बंद करा. बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे अशा दोन जंगलजेट (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) लागतात.

वाटसरू: मार्च. सेडान, पाच जण. एक मुक्काम.

खाडीकाठ: मग मुक्काम वेळासलाच करा. कासवांची पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्रात सोडतात. सकाळी फेरीने येऊन ते गाठणं अवघड. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं रोज निघतीलच असं नाही. घर ठरवतानाच कुठलं घरटं कधी फुटायचंय ते विचारून घ्या. फ्लॅश नको, पिल्लांना हात नको, दोरीच्या पुढे पाय नको.
आणि हो, वेळासच्या बहुतेक घरांत जेवण शाकाहारी असतं. मासे पुढे हर्णैला खा.

सुरमईप्रेमी: हर्णैच्या पुढे कर्दे किनाऱ्याला वाळू घट्ट आहे, ओहोटीला गाडी खाली उतरवा. मस्त फोटो येतात.

निळीशाई: कृपा करून असले सल्ले देऊ नका. वरून घट्ट दिसते, पण पाण्याजवळ चाक फिरलं की रुतत जाते. किनाऱ्यावर घरटी असतात, ती चिरडतात ते वेगळंच.

सुरमईप्रेमी: चाकातली हवा कमी केली की निघते गाडी.

खाडीकाठ: निघते, पण भरती आधी पोचली तर? तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, शिवाय उधाण. हे फेरीसाठीही बघा: पूर्ण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि सेडानचा बंपर घासतो. माणसं खाली उतरवा, पहिला गियर, सावकाश. बोटीवर हँडब्रेक.
रस्ता: वेळास, मांदिवली, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. आंजर्ल्याच्या उंच झाडांवर समुद्री गरुड दिसतो, दुर्बीण घ्या.

वाटसरू: हर्णैला मासा ताजा कसा ओळखायचा?

खाडीकाठ: गलफड उघडून बघा, लालभडक हवं. तपकिरी आणि चिकट असेल तर सोडा. डोळा फुगीर, बोट दाबल्यावर खळगा राहता कामा नये. तिसऱ्या (शिंपल्या) तोंड उघडून बसलेल्या असतील तर टिचकी मारा, मिटल्या नाहीत तर घेऊ नका.

माशाचाडबा: घरी न्यायचा असेल तर पोट साफ करून घ्या. डब्यात बर्फ, मासा, बर्फ असे थर; जितका मासा तितकाच बर्फ. पाणी साचू देऊ नका, त्यात मासा मऊ पडतो. बोंबील नेऊच नका, वाटेतच त्याचं पाणी होतं.