मदत हवी: आईला दमा आहे, हिरड्या साफ करून घ्यायच्या की नको?

कागलची_लेक
आईच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून राजारामपुरीत दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. खोलवर साफ कराव्या लागतील म्हणाले, परवाची तारीख दिली. आता दाजींनी कुठलीशी बातमी पाठवलीय, हिरड्यांतल्या जंतूंमुळे दमा कमी होतो म्हणे. आई तेच धरून बसलीय, "मग राहू देत की." करायचं का नाही, एवढंच सांगा.

पांढरा_रस्सा
वय? पंप कुठला, रोज घेतात का? शुगर?

कागलची_लेक
६१. एक रोजचा पंप आणि एक निळा, धाप लागली की घ्यायचा. शुगरचा इथं काय संबंध?

पांढरा_रस्सा
शुगर ताब्यात नसली की हिरड्या लवकर खराब होतात. तपासून घ्या.

उसाचा_फड
हिरड्या ऱ्हाऊ द्या ओ. गुऱ्हाळं चालू हाईत, जो तो पाचट पेटवतोय. दमा त्यानंच उसळतोय, आमच्या गल्लीत सगळे खोकत्यात.

गुळणी_भक्त
रोज सकाळी तिळाच्या तेलाची गुळणी. डॉक्टर लागणार नाही.

उसाचा_फड
दमेकऱ्याला तेल? ठसका लागून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया हुतोय. काय बी सांगू नका.

गुळणी_भक्त
आमच्या आजीनं जन्मभर केली.

केसपेपर
ती बातमी बहुधा २००६ च्या अमेरिकन अभ्यासावरची असणार. तिथल्या १९८८ ते १९९४ च्या सरकारी आरोग्य पाहणीतले रक्ताचे नमुने तपासले होते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्या पोखरणाऱ्या जंतूंमधला म्होरक्या. त्याच्या विरोधातल्या अँटिबॉडी ज्यांच्या रक्तात जास्त होत्या, त्यांच्यात दमा आणि घरघर कमी दिसली. बस, एवढंच. जंतूंनी दमा बरा केला असं त्यातून निघत नाही. अँटिबॉडी म्हणजे जंतूशी गाठ पडल्याची खूण. हिरड्या सडू दिल्या तर श्वास मोकळा होतो, असं कोणी दाखवलेलं नाही. उलट पुढं ब्राझीलमध्ये तीव्र दम्याच्या रुग्णांत हिरड्यांचा आजार जास्त आढळला.

पांढरा_रस्सा
तेही उलटं असू शकतं. पंपामुळे तोंड कोरडं पडतं, त्यानं हिरड्या बिघडत असतील.

केसपेपर
असेल की. म्हणून तर रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला सांगतात. स्टेरॉइड तोंडात राहिलं तर बुरशीही धरते. आई भरतात का चूळ?

कागलची_लेक
पंप घेतला की लगेच चहा घेते. चालतो ना?

केसपेपर
नाही. आधी चूळ, मग चहा.

राधानगरी_रोड
मिशरी लावतात का?

कागलची_लेक
लावते की. आमच्यात सगळ्याच बायका लावतात. ती तर दातांसाठीच असते ना?

राधानगरी_रोड
अहो, हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं! मिशरी म्हणजे जाळलेली तंबाखू. हिरड्या तिनं जातात. आणि तव्यावर भाजताना सगळा धूर छातीत. घरीच भाजतात?

कागलची_लेक
मागच्या चुलीवर. तेव्हा खोकते खरी, पण ते धुरानं.

उसाचा_फड
मी धूरच म्हणत हुतो.

केसपेपर
परवा जावाच. दमा आहे हे दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगा, निळा पंप सोबत ठेवा. त्या दिवशी धाप जास्त असेल तर फोन करून तारीख पुढं घ्या. नंतर ठणकलं तर दुकानातून मनानं गोळी आणू नका, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेननं काही दमेकऱ्यांना झटका येतो. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. सफाईनं दमा जाईल अशी आशा मात्र लावू नका. हिरड्या सुधारतील, दात टिकतील.

गुळणी_भक्त
खोबरेल तेल पण चालतं.

नवा_सभासद
राजारामपुरीत कितवी गल्ली? माझी अक्कलदाढ ठणकायला लागलीय.

कागलची_लेक
परवा नेते. मिशरीचं मी सांगितलं तर भांडणच होणार. दाजींनाच सांगायला लावते, जावयाचा शब्द ती मोडत नाही.

नवा_सभासद
गल्लीचं राहिलं ताई.