'व्हॉक्स ह्युमाना'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादी: नेदरलंड्समधल्या हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनवरचा (बांधणारा क्रिस्टियान म्युलर, १७३८) लेख मराठीत करतेय. त्यातल्या 'व्हॉक्स ह्युमाना' या स्टॉपपाशी अडलेय. मी 'मानवी आवाज' लिहिलं, तर संपादक म्हणतात, चर्चमध्ये कुणी गातंय असं वाटतं. शिवाय मुद्रितशोधनात 'स्टॉप'चा 'थांबा' झालाय!

खर्ज: स्टॉप म्हणजे खुंटी. ओढली की त्या जातीच्या नळ्या बोलू लागतात.

वाग्वेडा: 'मानववाणी' घ्या. लॅटिन 'वॉक्स' आणि आपली 'वाच्' एकाच मुळातून आलेल्या. 'आवाज' फारसी.

खर्ज: वाणीला शब्द लागतात, इथे नुसता सूर आहे. आपण गाण्याला 'काय गळा आहे!' म्हणतो, 'काय वाणी आहे!' म्हणत नाही. आणि फारसी-अरबी नको असेल तर 'हवा'ही गेली. तिच्याशिवाय ऑर्गनवर लिहून दाखवा.

वाग्वेडा: लिहितो की. भात्याचा वारा. काय अडलं?

पायपेटी: माझे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत. पायाने भाता मारायचा तो ऑर्गन. त्याच्या एका खुंटीच्या पांढऱ्या चकतीवर हेच नाव होतं. मागची फळी काढली तेव्हा कळलं, तिला स्वतःचे सूर नाहीतच! आत पुठ्ठ्याची पंखी, ती हवेने फिरते आणि वाजतोय तोच सूर थरथरतो. आजोबा तिला 'कापरी' म्हणत.

अनुवादी: किती छान शब्द! पण हार्लेमला खरोखरच्या नळ्या आहेत. आत पितळी जीभ फडफडते, वरची नळी अगदी आखूड, म्हणून आवाज नाकातून आल्यासारखा येतो. कंपाची सोय वेगळी. इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने १७७३च्या प्रवासवर्णनात लिहिलंय की हा स्टॉप माणसासारखा मुळीच वाटत नाही, लोक नावाला भुलतात. असल्या स्टॉपांचे वरचे सूर त्याला फार तर नव्वदीच्या म्हातारीच्या चिरक्या आवाजासारखे वाटले.

वाग्वेडा: मग 'कंठनळी' करा. कंठही आला, नळीही.

खर्ज: ती घशात असते! 'मानवकंठ' तरी म्हणा. माझं मत 'गळा'च.

अनुवादी: 'गळा खुंटी'? वाचणारा दचकेल.

वाग्वेडा: 'कापरी' तर त्याहून चूक. ते कंपाचं नाव, कंठाचं नव्हे.

खर्ज: वाजवणाऱ्याने दिलेलं नाव चूक कसं? पायपेटी, पूर्ण नाव 'कापरी खुंटी' होतं का?

पायपेटी: नाही, नुसतं 'कापरी'. मी शेजारी उभी असायचे. नाटकात साकी वृत्तातलं पद आलं की आजोबा मान न वळवता म्हणायचे, "कापरी ओढ." मी ओढायचे.